गोजरबाईचा उजवा कान

माघी पौर्णिमा. देवापुढचा दिवा अजून तेवतो आहे. घरची मंडळी जेवून उठली. माझं ताट झाकलेलंच आहे. आज आमच्या वरवट गावात जे घडलं ते आजच लिहून काढलं नाही तर मला झोप लागायची नाही. गोजरबाईला गुरुमंत्र मिळाला. कसा मिळाला, ते पहिल्यापासून सांगते.

गोजरबाई आमची शेजारीण. आमच्या परसाच्या काट्यांच्या कुंपणापलीकडे तिचा भाजीचा मळा. माहेर सोनाळ्याचं, सातपुड्याच्या पायथ्याचं, म्हणून की काय आवाज असा की डोंगरानं उत्तर द्यावं. वांगी, मेथी, लसूण, सांबार म्हणजे कोथिंबीर, जे लावेल ते तरारून येतं. तिचा नवरा शेषराव मोट हाकतो आणि ती पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात वळवते. तिची एक गंमत आम्हा सगळ्या बायांना ठाऊक होती. वाफा भरला की नाही हे ती पाहत नसे, ऐकत असे. पाठमोरी बसून मेथी खुडायची आणि मधेच उठून बरोब्बर वेळेवर फावडं मारायची. विचारलं तर म्हणायची, भरत आलेलं पाणी निराळं बोलतं, वयनी.

घरात तिसरं मोठं माणूस म्हणजे सासू, सत्यभामाबाई. बुढी मनानं वाईट नाही, पण तोंड उघडलं की शिव्यांची सर पडते. सकाळी कोंबड्यापासून सुरुवात, मग सून, मग मुलगा, मग गावचा पाटील, आणि शेवटी जो कोणी रस्त्यानं जाईल तो. गंमत अशी की हीच बाई देवाधर्माची कडक. तिनं तरुणपणीच गुरू केला. आमच्याकडे ज्याच्या कानात गुरूचा मंत्र पडलेला नाही त्याला निगुरा म्हणतात, आणि गुरू केलेली जुनी माणसं निगुऱ्याच्या हातचं खात नाहीत. म्हणून सत्यभामाबाईंची चूल वेगळी. सून इतकी वर्षं घरात राबते, पण तिच्या हातची भाकर सासूला चालत नाही. बुढीला आता मोतीबिंदू झालेत. दिवाळीत तव्याचा अंदाज चुकला आणि तळहात भाजला. तोच हात फडक्यात गुंडाळून ती पुन्हा पीठ मळायला बसली, आणि गोजरबाई दाराआड रडत उभी राहिली. पाणी पाजता येत नाही, भाकर थापता येत नाही, नुसतं पाहायचं.

तिला गुरू करायचा नव्हता असं नाही, जमलंच नव्हतं. महाराज पूर्णाकाठच्या मठातून चार-सहा वर्षांनी आमच्या भागात येतात. मागच्या खेपेला ही बाळंतीण होती, सोयरात. त्याच्या आधीच्या खेपेला माहेरच्या सुतकात. आता महाराज फार थकले आहेत. माघी पौर्णिमेला मारुतीच्या देवळात उपदेश देईन आणि दुपारी निघेन, पुन्हा येणं होईलसं वाटत नाही, असा त्यांचा निरोप मार्गशीर्षातच आला होता. तेव्हापासून गोजरबाईच्या पायाला भिंगरी लागली. आणि तेव्हाच तिनं ते करून ठेवलं.

कुठल्याशा कीर्तनात तिनं ऐकलं होतं की मंत्र शुद्ध कानात पडावा. झालं. घरात पहाटेपासून शिव्यांचा पाऊस, मग कान शुद्ध राहावा कसा? तिनं युक्ती काढली. वेचून आणलेल्या कापसातली चांगली पांढरी बोंडं घेतली, सरकी काढली, बोळे केले, तिळाच्या तेलात आणि हळदीत भिजवले आणि दोन्ही कानांत घातले. गुरूचा शब्द पडायच्या आधी कानात शिवी नको, चुगली नको. बोळा सैल झाला की अंबाड्यातला आकडा काढायचा, जुना बोळा आत सारायचा आणि वर नवा बसवायचा. वऱ्हाडात कापसाला काय तोटा? सकाळ-संध्याकाळ हा नेम चालला. आणि नेम फळलाच की. काही दिवसांत सासूचा आवाज लांबून, विहिरीच्या तळातून आल्यासारखा येऊ लागला. गोजरबाईला वाटलं देव पावला. इतकी शांत ती सून झाल्यापासून कधी नव्हती.

मला हे काहीच माहीत नव्हतं. महाराज शेजारच्या गावी पोचले अशी बातमी आली तेव्हा मी धावत कुंपणाशी गेले आणि हाका मारू लागले. गोजरबाई पाठमोरी मेथी खुडत होती. वळली नाही. तिच्या मागे लसणाचा वाफा भरून वाहत होता, पाणी वांग्यांत शिरलं होतं, शेषराव मोटेवरून ओरडत होता, आणि ती आपली शांत. मी कुंपण ओलांडून खांद्याला हात लावला तेव्हा दचकून उठली आणि तो लसणाचा चिखल पाहून तिचा चेहरा पांढरा पडला.

मग सगळं बाहेर आलं. तिथल्या तिथे तिनं बोळे ओढून काढले. एकेक बोळा आला, पण ऐकू आलं नाही. आत काही तरी दगडासारखं बसलं होतं आणि भुंगा घुमत होता. मी बोटानं महाराजांच्या मुक्कामाकडे दाखवलं, पौर्णिमा बोटांवर मोजून दाखवली. तिला कळलं.

“मंत्र एकदाच सांगतेत, वयनी,” ती म्हणाली. “आन् हळूच सांगतेत. जोरानं सांगतला तं दुसऱ्याच्या कानी पडते, मंग तो मंत्र राह्यत नाही. मले ऐकूच नाही आलं तं?”

मी काही म्हटलं असतं तरी तिला ऐकू गेलं नसतं.

संध्याकाळपर्यंत गावात वैद्यांचा तोटा राहिला नाही. कुणी म्हणालं कांद्याचा रस, कुणी म्हणालं लसूण जाळून कडकडीत तेल ओत, सत्यभामाबाईंनी चुलीची फुंकणी कानाला लावून फुंकायची तयारी दाखवली. गोजरबाईनं तेल खरंच चुलीवर ठेवलं होतं. मी पळी उतरवली आणि शेषरावाला सांगितलं, उद्या गाडी जुंपायची, तालुक्याच्या दवाखान्यात जायचं, मी सोबत येते. आमच्या घरून हिंमतरावांनी, म्हणजे आमच्या यजमानांनी, लगेच हो म्हटलं. म्हणाले, जा, नाहीतर ती बाई मंत्राच्या जागी महाराजांचं तोंड पाहून परत येईल.

दवाखान्यातले डॉक्टर तरुण, नागपूरकडे शिकलेले. कपाळाला पट्ट्यानं गोल आरसा बांधला, त्यातून खिडकीचा उजेड कानात पाडला आणि धातूचं इवलंसं नरसाळं लावून आत पाहिलं. आधी मला विचारलं, हिच्या कानातून कधी पू आला होता का, कान फुटला होता का. शेषराव म्हणाला, नाही जी, कधीच नाही. ते विचारणं महत्त्वाचं होतं; पडद्याला भोक असेल तर आत तेलही घालायचं नाही आणि पाणीही नाही, असं त्यांनी सांगितलं. मग बारीक चिमट्यानं उजव्या कानातून कापसाची एक चिंधी ओढली. पिवळी, तेलकट. मग दुसरी. डाव्यातूनही एक. गोजरबाई डोळे मिटून बसली होती. पण त्यामागचा मळ हलेना.

डॉक्टर हसले नाहीत, रागावले मात्र थोडे. म्हणाले, “बाई, कानाचा मळ ही घाण नव्हे. धूळ-किडा आत जाऊ नये म्हणून तो असतो आणि कान त्याला आपणच हळूहळू बाहेर ढकलतो. तुम्ही आकड्यानं तो उलटा आत कोंबलात.” तिला ऐकू गेलं नाही, पण आकड्याची खूण पाहून तिनं अंबाड्यावर हात ठेवला.

त्यांनी बाटलीत गोडं तेल दिलं. सकाळ-संध्याकाळ कुशीवर निजवून थोडे थेंब सोडायचे, तेल नुसतं कोमट, आधी मनगटावर थेंब टाकून पाहायचा, मनगटाला चटका बसला तर कानालाही बसेल. कानात काहीही घालायचं नाही, काडी नाही, आकडा नाही, कोणाला कोरू द्यायचं नाही. मळ मऊ झाला की पिचकारीनं धुऊन काढू. मधले दिवस ते फिरतीवर जाणार होते, ते परत भेटणार पौर्णिमेच्या सकाळीच. आणि निघताना आम्हा दोघांना बजावलं की तेलानं मळ फुगतो, तेव्हा दोन-तीन दिवस ऐकू येणं आणखी कमी होईल, घाबरू नका.

आम्ही नाही घाबरलो. घाबरली गोजरबाई. एकादशीला तिला भुंगासुद्धा ऐकू येईनासा झाला. मी खुणेनं सांगितलं, हे असंच व्हायचं आहे. पण सासू समोर उभी राहून हातवारे करत होती की डाक्तरानं होतं नव्हतं ते दार लावून घेतलं. बहिऱ्या माणसाला ज्याचे हातवारे मोठे त्याचंच खरं वाटतं.

दुसऱ्या दिवशी बाजार. मी वाती वळत होते तेवढ्यात शेषरावाची पुतणी धावत आली. काकू वांग्याची टोपली तशीच टाकून कान कोरणाऱ्या कानमैल्यापुढे बसली आहे म्हणाली. मी वाती तशाच टाकल्या. डोक्यावर पदर कसा राहिला देव जाणे. बाजारात शिरले तर पिंपळाखाली कानमैल्या बसलेला, पागोट्यात त्याच्या बारीक सळया खोवलेल्या, आणि गोजरबाई त्याच्यासमोर मान वाकडी करून. सळई हातात आली होती. मी म्हटलं थांब बाबा, हिला डॉक्टरांनी मना केलं आहे.

माणूस सरळ होता. म्हणाला, “वरवरचा मळ म्या हजारांचा काढला, माय. पण हा लय आत बसला. बाई हालली तं सळई कुठी जाईन, मी नाही सांगू शकत.”

हे त्यानं मला सांगितलं. गोजरबाईला ते कसं सांगावं? मी हात धरून ओढलं तर तिनं झटकून टाकला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती मोठ्यानं, म्हणजे सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशी, बोलत होती की पौर्णिमा तीन दिवसांवर आली, तेलानं काही होत नाही, मले सोडा.

तेव्हा उकंडराव पुढे आले. उकंडराव आमच्या नात्यातले, यजमानांचे काका, गावातले जुने शेतकरी. त्यांच्या उजव्या कानात फार वर्षांपूर्वी सळई खोल गेली होती. कान पिकला आणि कायमचा गेला. गोजरबाईला हे पक्कं माहीत होतं, कारण त्यांना भाजी विकताना भाव सांगायचा तर टोपली घेऊन डाव्या अंगाला जावं लागतं. उकंडराव तिच्यासमोर उकिडवे बसले, पागोटं काढून मांडीवर ठेवलं, कानमैल्याच्या हातातली सळई घेतली, ती आपल्या मेलेल्या कानाजवळ धरली आणि नुसतं तिच्याकडे पाहत राहिले. मग बोटानं दाखवलं, एक. एकदाच.

गोजरबाई किती तरी वेळ त्या कानाकडे बघत होती. मग उठली, पदरानं तोंड पुसलं आणि वांग्याच्या टोपलीशी जाऊन बसली. उकंडरावांनी जाताना तिच्याकडून वांगी घेतली. ती टोपली उचलून आपणहून त्यांच्या डाव्या अंगाला गेली.

आज पहाटे, तारे असतानाच, गाडी निघाली. दवाखाना उघडायच्या आधी आम्ही ओट्यावर. मी जपमाळ ओढत होते. खरं सांगायचं तर नाव देवाचं होतं आणि डोळे डॉक्टरांच्या वाटेवर. ते फिरतीवरून घोड्यावर आले, हातपाय धुतले आणि पहिली हाक आम्हाला मारली. कान तपासून म्हणाले, छान मऊ झालाय, कोणता आधी धुवू? गोजरबाईला खुणेनं विचारलं. तिनं उजवा कान पुढे केला, मंत्र उजव्याच कानात पडतो.

वाकडं तसराळं कानाखाली मला धरायला दिलं. पाणी कोमट केलं, आपल्या हातावर पाहिलं. थंड पाणी गेलं तर घेरी येते, म्हणाले. पितळी पिचकारी भरली, कानाची पाळी वर आणि मागे ओढली आणि धार सरळ आत न मारता वरच्या बाजूनं, हलकी, सोडली. पाणी परत आलं, नुसतं पिवळसर. दुसरी पिचकारी, तेच. बाहेर ऊन ओट्यावर चढत होतं आणि वरवटात महाराज आसनावर बसले असतील. डॉक्टरांनी थांबून पुन्हा आत पाहिलं, पुन्हा तेलाचे थेंब सोडले, म्हणाले घाई करून चालत नाही. शेषराव दारात उभा राहून मुंडासं सोडत होता आणि बांधत होता. त्या बसण्यातच माझी माळ पुरी झाली.

पुन्हा पिचकारी. आणि तसराळ्यात टप् असं काही पडलं. काळपट, चिंचोक्याएवढं, आणि त्याला चिकटलेला कापसाचा तंतू.

गोजरबाईनं एकदम मान वर केली. तिच्या डोळ्यांत असं काही आलं की मी तसराळं तिरपं केलं आणि पाणी माझ्या लुगड्यावर सांडलं. ती म्हणाली, “वयनी, घोडा काहीतरी खाऊन राह्यला.” बाहेर डॉक्टरांचा घोडा कडबा चावत होता. मला तो आवाज आलाच नव्हता.

डॉक्टरांनी कान टिपून कोरडा केला, पुन्हा आत पाहिलं, पडदा साबूत आहे म्हणाले. मग डावा कान धुवायला घेऊ लागले. गोजरबाईनं उन्हाकडे पाहिलं आणि हात जोडले.

“डावा आज राहू द्या जी, डाक्तरसाहेब. तो सासूचा आहे.”

डॉक्टर आता मात्र खदखदून हसले. तेल चालू ठेवा, पुढच्या आठवड्यात नक्की या, आणि सासूबाईंना तेवढे दिवस जपून बोलायला सांगा म्हणाले.

परतीची वाट आयुष्यभर आठवेल. गोजरबाई प्रत्येक आवाजाचं नाव घेत होती. बैलांच्या घुंगरमाळा, तुरीच्या शेंगांची खुळखुळ, होला, कुठे रहाट. शेषराव बैल पळवत होता. आणि नदीच्या रेतीत चाकं रुतली. जोडीतला एक बैल खाली बसला. शेषरावानं शेपटी पिळली, पुठ्ठ्यावर थाप मारली, काही केल्या उठेना. आणि मग त्याच्या तोंडून ते गेलंच, जे आमच्याकडच्या प्रत्येक गाडीवानाच्या तोंडून जातं.

“ऊठ बे, तुह्या मालकाले पटकी नेवो!”

बैल उठला. गाडी निघाली. पण गोजरबाई गप्प झाली. थोड्या वेळानं तिनं माझा हात घट्ट धरला. इतके महिने कापूस कोंबून जे टाळलं तेच धुतलेल्या कानात पडलं होतं, आणि बैलाचा मालक तर समोर बसून गाडी हाकत होता. आपल्याच नवऱ्याचं मरण. शेषरावाला कळलं तेव्हा तो असा ओशाळला की उरलेली वाट बैलांना “चला दादा, चला राजा” म्हणत होता.

आम्ही पोचलो तेव्हा महाराजांचा छकडा जुंपलेला होता. सत्यभामाबाई देवळाच्या पायरीवर बसून, दिसत नसताना वाटेकडे तोंड करून, उशीर केला म्हणून सुनेच्या माहेरचा उद्धार करत होत्या. महाराज काठी टेकून उठत होते. गोजरबाई धावत गेली आणि चार हातांवरच थांबली.

“महाराज, माहा कान विटाळला.”

महाराजांनी विचारलं, काय पडलं कानात? तिला ते शब्द उच्चारवेनात. मागून शेषरावानंच खाली मान घालून सगळं सांगितलं, रेती, बैल आणि शिवी.

“बैल निघाले का रेतीतून?” महाराजांचा आवाज इतका बारीक की मी पुढे वाकले.

“निघाले जी.”

“आन् मालक?”

“हा उभा आहे जी.”

महाराज बोळक्या तोंडानं हसले आणि पुन्हा आसनावर बसले. म्हणाले, “मग ते गेलं. ये, बस बाई.”

त्यांनी आपल्या आणि तिच्या डोक्यावरून उपरणं घेतलं. सत्यभामाबाईंनीसुद्धा सुनेच्या माहेराला तेवढ्यापुरतं सोडलं. उपरण्याखाली काय चाललं ते कुणाला दिसलं नाही आणि दिसायचंही नव्हतं. मी फक्त तिचे हात पाहत होते. मांडीवर आवळलेल्या मुठी हळूच सुटल्या. तेव्हा मला कळलं, ऐकू आलं.

दुपारी तिनं सासूची चूल आपल्या हातानं पेटवली. भाकर थापली, वांग्याची भाजी केली, ताट वाढून बुढीच्या पुढे ठेवलं आणि डावा कान तिच्याकडे होईल अशी बाजूला बसली. मी दारात उभी होते, मला निघवेना. सत्यभामाबाईंनी भाकर चाचपली, मोडली, घास घेतला. बराच वेळ चावत राहिल्या. मग सुरुवात झाली. मीठ घालायले तुह्या मायनं शिकवलं नाही का व, येवढ्या वर्षांनी हातचं खावं तं हे असं, आणि पुढे बरंच काही.

गोजरबाई उठली. वळसा घालून सासूच्या दुसऱ्या अंगाला गेली, उजवा कान तिच्याकडे होईल अशी बसली, आणि म्हणाली, “हाव आत्याबाई, बोला. आन् दुसरी भाकर घ्या.”

सत्यभामाबाईंनी दुसरी भाकर घेतली.